जिवाणू खत ‘लागत नाही’? भातातल्या या चुका टाळा

जूनमध्ये पावसाने जोर धरला की माझा फोन वाजायला लागतो. "ॲझोस्पिरिलम लावलं, फरक शून्य. नुसती काळी पूड विकतात हो." ॲझोस्पिरिलम म्हणजे हवेतलं नत्र धरणारे जिवाणू. काळी असते ती लिग्नाइटची, म्हणजे एका प्रकारच्या कोळशाची पूड. काम करणारे जिवाणू तिच्यात जिवंत असतात, निदान आपल्या हाती पडेपर्यंत तरी.

बोर्डोचं पिंप. ही चूक मी स्वतः केलीय, म्हणून सविस्तर सांगतो. आमच्या गोव्यातल्या सत्तरीत वर कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, आणि खाली भातशेत, माणूस एकच. पावसाआधी सुपारीला कोळेरोगासाठी एक टक्का बोर्डो हे तांब्याचं बुरशीनाशक मारायचं: १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद, १ किलो चुना. तीन-चार आठवड्यांनी लावणी. त्याच पिंपात, "धुतलंय की" म्हणत, मी ॲझोस्पिरिलम आणि स्यूडोमोनास (रोगाच्या बुरशीला रोखणारे जिवाणू) कालवून तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची मुळं बुडवली. आतल्या कडेला निळसर पापुद्रा होता. दिसला होता मला. पण मजुरी चालू, पाऊस डोक्यावर, कोण घासत बसतो! उरलेली पाकिटं शेजारच्या काकांनी नेली आणि साध्या टबात कालवली. ऑगस्टमध्ये माझ्या ज्योती जातीच्या भातावर करपा हा बुरशीचा रोग, बांधापलीकडे त्यांच्या ज्योतीवर तुरळक ठिपके. युरिया दोघांचा सारखाच. तांबं बुरशीला मारतं तसं जिवाणूंनाही मारतं, हे मला माहीत नव्हतं असंही नाही. आता जिवाणूंसाठी पिवळा टब वेगळा ठेवलाय. त्यात घरात कुणी कपडे भिजवले तरी माझा आवाज चढतो.

गव्हाचा सल्ला भाताला. घाटावरचा मेहुणा गव्हाच्या बियाण्याला ॲझोटोबॅक्टर हे नत्र धरणारे दुसरे जिवाणू चोळतो आणि तोंडभर कौतुक करतो. त्याचं बरोबर आहे. गव्हाच्या रानात हवा खेळती असते आणि ॲझोटोबॅक्टरला ती लागतेच. आपल्या सरद, म्हणजे पावसाळी भातात पाणी साचलेलं. तिथे थोडक्या हवेत भागवणारा ॲझोस्पिरिलम बरा, शिवाय पाण्यावर तरंगणारं ॲझोला हे नेचं नाहीतर निळं-हिरवं शेवाळ. हे शेवाळ भातखाचरात नत्र आणतं, हे पी. के. डे यांनी १९३९ मध्येच दाखवलं होतं. गोव्यात गहू दिसतो तो गिरणीत, सल्ला मात्र गव्हाचा! रायझोबियम हे कडधान्यांचं जिवाणू खत तर भाताच्या मुळांवर गाठी करतच नाही. ते भातानंतरच्या अळसांद्यांना (चवळीला) लावा, आणि तेव्हा ताजं आणा.

बाकीच्या चुका पटापट. पाकीट स्कूटरच्या डिकीत उन्हात ठेवू नका. मुदत संपलेलं स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. नळाचं क्लोरीनवालं पाणी नको, विहिरीचं घ्या. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम, थोडं गुळाचं पाणी, आणि वाळवायचं सावलीत. उन्हात पसरणाऱ्यांना मी आता बोलायचंही सोडलंय. बुरशीनाशक लावायचंच असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी.

उतावीळपणा. आठव्या दिवशी शेत काळंभोर दिसलं नाही की मंडळी युरियाची गोणी फोडतात. आयतं ताट समोर आलं की चूल कोण पेटवतो? जिवाणूही हवेतलं नत्र धरायचं काम सोडतात. मी युरिया बंद करा म्हणत नाही, पण कमी आणि हप्त्यांनी द्या.

गव्हाचंच एक उदाहरण देतो. टेक-ऑल नावाची मूळकुज त्याच शेतात वर्षानुवर्षं गहू घेतला की आधी वाढत जाते, आणि मग काही वर्षांनी आपोआप ओसरते. मुळांभोवती बुरशीला मारणारे स्यूडोमोनास तोवर पुरेसे वाढलेले असतात. आणि आपल्याला आठ दिवस दम निघत नाही.

फोन जरूर करा, पण लावणीनंतर महिन्याने. त्याआधी जिवाणू लावलेल्या भागातलं एक रोप आणि न लावलेल्या भागातलं एक उपटा, दोन्हींची मुळं धुऊन शेजारी-शेजारी ठेवा, आणि पानांचा रंग नव्हे, मुळांची लांबी सांगा.