चर्चची उपासना आणि पूर्वजांचे विधी एकत्र कसे पाळावेत

दक्षिण आफ्रिकेतील अनेक झुलू कुटुंबांत रविवारी चर्चला जाणारा माणूस घरी इम्पेफो ही सुगंधी वनस्पती जाळून ‘अमाद्लोझी’ म्हणजे पूर्वजांशी बोलतो, आणि त्याचे कुणाला नवल वाटत नाही. घोळ होतो तो एक गोष्ट दुसरीपासून लपवल्याने. म्हणून आधी आपल्या चर्चची भूमिका धर्मगुरूंना थेट विचारावी. कॅथलिक चर्चने १९८८ मध्ये झाईरसाठी (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) मान्य केलेल्या मिस्साविधीत (सामुदायिक उपासनेत) संतांबरोबर पूर्वजांनाही आवाहन केले जाते. झुलू धर्मोपदेशक इसाया शेंबे यांनी स्थापन केलेल्या चर्चमध्ये झुलू परंपरेला मानाचे स्थान आहे. अनेक पेंटेकोस्टल मंडळ्या मात्र पूर्वजांशी बोलणे हेच पाप मानतात. अशा मंडळीत राहून गुपचूप विधी करण्यापेक्षा मंडळी बदलणे अधिक प्रामाणिक, असे माझे मत आहे.

खरी कसोटी लागते ती मृत्यूनंतर साधारण वर्षभराने होणाऱ्या ‘उकुबुयिसा’ला, म्हणजे दिवंगताचा आत्मा घरी परत आणण्याच्या विधीला. पुष्कळ कुटुंबे त्याच सुमारास कबरीवरील शिलेचे अनावरणही करतात. तेव्हा तारीख कुटुंबप्रमुख आणि धर्मगुरू या दोघांना विचारूनच ठरवावी, आणि कबरीपाशी पुढाकार धर्मगुरूंचा तर घरातील ‘उम्सामो’ या पवित्र जागेपाशी कुटुंबप्रमुखाचा, हे आधीच बोलून ठेवावे. उम्सामोपाशी काय बोलले जाणार, हेही वडीलधाऱ्यांकडून समजून घ्यावे: प्रार्थना देवाला आणि पूर्वजांना केवळ वर्दी, अशी विभागणी अनेक श्रद्धाळू ख्रिस्ती करतात, आणि ती पाळायची असेल तर कुळाची स्तुतिवचने म्हणताना मागणे कुणाकडे मागितले जाते इकडे लक्ष हवे. बळीच्या जनावराची निवड आणि मांसाची वाटणी कुळाच्या रीतीवर सोडावी. त्यात नवशिक्याने आपले डोके चालवू नये. झायन ख्रिश्चन चर्च या दक्षिण आफ्रिकेतील चर्चच्या सदस्यांना मद्य वर्ज्य असते. त्यांनी ‘उम्कोम्बोथी’ ही घरगुती बिअर पिणार नसल्याचे वडीलधाऱ्यांना आधीच सांगावे, म्हणजे ऐन वेळी दिलेला नकार अपमान ठरत नाही.

सांगोमा, म्हणजे पूर्वजांच्या मार्गदर्शनाने उपचार करणारा पारंपरिक वैदू, होण्याचे पूर्वजांकडून बोलावणे आले आहे असे वाटल्यास मात्र घाई करू नये. ‘उकुथ्वासा’ची दीक्षा अनेक महिने, कधी वर्षेही चालते, आणि त्या काळात चर्चमधील जबाबदाऱ्या सांभाळणे अवघड जाते. गुरू निवडण्यापूर्वी कुटुंबाची संमती घ्यावी, धर्मगुरूंना कळवावे, आणि चालू असलेली रुग्णालयाची औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत.