नव्या भजन-अल्बमचे परीक्षण कसे लिहावे

सिंधुदुर्गातील डबलबारी भजनाचा (दोन बुवांच्या मंडळांत रंगणाऱ्या भजनसामन्याचा) किंवा दशावतार या लोकनाट्यातील पदांचा नवा अल्बम परीक्षणासाठी हाती आला, की पहिल्या ऐकण्यात वही उघडू नये. सगळ्या रचना दिलेल्या क्रमानेच, सलग आणि शक्यतो हेडफोन लावून ऐकाव्यात, कारण मोबाईलच्या स्पीकरवर पखवाजाचा खर्ज जवळजवळ हरवतो. दुसऱ्या वेळी मात्र प्रत्येक जागा मिनिट-सेकंदासह टिपावी.

पखवाजाकडे विशेष लक्ष द्यावे. त्याच्या डाव्या पुडीवर ओली कणीक थापलेली असते आणि तिच्यामुळेच तो भरदार घुमारा उमटतो. ध्वनिमुद्रणात हा घुमारा झांजेखाली सतत दबत असेल, तर तो दोष बहुधा वादकाचा नसून ध्वनिमिश्रणाचा (मिक्सिंगचा) असतो आणि तसे स्पष्ट लिहावे. हा भेद न करणारे परीक्षण कलावंतावर अन्याय करते, असे मला मनापासून वाटते. देवळाच्या सभामंडपात रात्री उशिरापर्यंत रंगणारी बारी स्टुडिओत काही मिनिटांत बसवताना गजर किती आटोपला, बुवांना आलापाला उसंत मिळाली का, हेही पाहावे. (ही अडचण जुनीच आहे, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या १० इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे ३ मिनिटांचेच गाणे मावत असे.)

‘छान गायले’ एवढ्यावर थांबू नये. कोणत्या ओळीवर, कोणत्या स्वरावर, हे सांगावे. गायक आपल्या गावचे किंवा ओळखीचे असतील, तर ती गोष्ट पहिल्याच परिच्छेदात नोंदवावी. वादकांची आणि ध्वनिमुद्रकाची नावे छापण्यापूर्वी अल्बमच्या श्रेयनामावलीशी ताडून घ्यावीत.