बाळंतपणाआधी कोणता क्लास लावायचा?
एकच क्लास जमणार असेल तर स्तनपानाचा लावा. गर्भसंस्काराने मन शांत होतं, ते चांगलंच. पण तिसऱ्या रात्री बाळ रडायला लागलं की कामी येते ती पकड, म्हणजे बाळाने स्तन तोंडात नीट धरणं. बाहुली हातात देऊन शिकवतात का, हे फी भरण्याआधी विचारा. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, नुसतं बोंड नव्हे तर भोवतालचा काळा भागही तोंडात, हे नुसतं ऐकून येत नाही. पकड चुकली की बोंडाला चिरा पडतात, बाळाला दूध नीट ओढता येत नाही आणि घरात पावडरचा डबा येतो. असे डबे फुकट वाटणारा क्लास सरळ टाळा. १९९२च्या कायद्याने ते बंद आहे.

साधारण २८ ते ३४ आठवड्यांत क्लास उरकावा. योगासनांचा असेल तर डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः वार (प्लासेंटा) खाली असेल किंवा रक्तस्राव झाला असेल तर.

नवजात बाळाच्या काळजीच्या वर्गाला मात्र आईला किंवा सासूबाईंना सोबत न्या. मध चाटवणं, चीक पिळून टाकणं, नाळेला हळद लावणं, कानात तेल घालणं, हे वाद तिथेच मिटलेले बरे.