पालक म्हणतात ‘आम्हाला काहीच कळवलं नाही’? सहावी ते आठवीच्या शाळांनी वर्षाच्या सुरुवातीला या चुका टाळा

शाळा सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले की हे भांडण ठरलेलं असतं. शाळा म्हणते आम्ही सगळं कळवलं होतं, पालक म्हणतात आम्हाला काही माहीतच नाही, आणि बहुतेक वेळा दोघंही खरंच बोलत असतात. पाठवलं हे खरं आणि पोचलं नाही हेही खरं.

आता हे प्रायमरीत एवढं का होत नाही? कारण तिथे एकच क्लास टीचर असते, पालक गेटपर्यंत येतात, येता-जाता दोन वाक्यं बोलून होतात, आणि मूल घरी जाऊन टीचर काय म्हणाल्या ते न विचारता सांगतं. सहावीत आलं की विषय तितके शिक्षक, प्रत्येकाची गृहपाठाची पद्धत वेगळी, आणि मुलाला आता आई-बाबा गेटवर दिसलेलेच नको असतात. म्हणजे निरोप नेणारा माणूसच बदललेला असतो, पण शाळा मात्र चौथीतलीच पद्धत पुढे चालवत राहते. खालच्या बऱ्याचशा चुका इथूनच सुरू होतात.

मुलाच्या हातून निरोप पाठवणं

छापील सर्क्युलर वर्गात वाटलं म्हणजे कळवलं, असं अजूनही खूप शाळा धरून चालतात. अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात तळाशी बघा एकदा, मागच्या तीन नोटिसा घडी न मोडता सापडतील. यात मुलाचा लबाडपणा फार कमी असतो, त्या वयात त्याचं लक्षच दुसरीकडे असतं, नवीन बेंच, नवीन मित्र, नवीन टाइमटेबल.

कागद बंद करा असं नाही म्हणत मी. काही घरांत तोच एक मार्ग असतो. पण कागद दिला त्याच दिवशी पालकांना एक ओळ वेगळी जाऊ दे, ‘आज मुलांकडे पिवळा कागद दिलाय, सही करून सोमवारी परत हवाय’. रंग सांगितला की पालक दप्तर उघडून नेमकं तेच शोधतात. नुसतं ‘सर्क्युलर दिलं आहे’ लिहिलं की कोणीही शोधत नाही.

एक ना धड भाराभर चिंध्या

वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप, शाळेचं ॲप, ईमेल, डायरी, गूगल क्लासरूम, शिवाय गणिताच्या सरांचा स्वतःचा वेगळा ग्रुप. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं आणि कुठेच पूर्ण नाही. पालकाला दोन मुलं असली की झालंच कल्याण.

पहिल्या आठवड्यात सगळ्या शिक्षकांनी एकत्र बसून एवढंच ठरवावं की कुठली गोष्ट कुठे सांगायची. तारखा आणि सुट्ट्या एकाच जागी, गृहपाठ एकाच जागी, मुलाबद्दल वैयक्तिक काही असेल तर फोन किंवा ईमेल. हे तीन ओळींत लिहून पालकांना द्यायचं आणि मग वर्षभर शिक्षकांनी स्वतः ते पाळायचं, दुसरा भाग जास्त अवघड आहे हे मला माहितीय. एखादे सर ‘माझं पोरांना सांगून झालंय’ म्हणून बाजूला राहतात आणि नेमक्या त्यांच्याच विषयाच्या प्रोजेक्टची तारीख कोणाला माहीत नसते.

मेसेज लांबलचक, कामाचं वाक्य नवव्या ओळीत

‘सर्व पालकांना कळविण्यात येते की नवीन शैक्षणिक वर्षाच्या अनुषंगाने खालील बाबींची नोंद घ्यावी व सहकार्य करावे’, इथपर्यंत वाचून पालकाने फोन खिशात टाकलेला असतो. बसमध्ये उभ्याने वाचणाऱ्या माणसासाठी लिहायचंय हे डोक्यात ठेवा. मेसेज असा हवा:

‘सातवी ब. पालकसभा शुक्रवार 12 तारखेला, संध्याकाळी 5:30 ते 6:30, खोली नंबर 14. येताना भरलेला फॉर्म आणा, बाकी काही नको. जमत नसेल तर गुरुवारपर्यंत या नंबरवर नाही एवढंच लिहा, आम्ही फोन करू.’

वर्ग कुठला, कधी, कुठे, काय करायचं आणि नाही जमलं तर काय, संपलं. वार आणि तारीख दोन्ही लिहायचं, कारण एकात चूक झाली तरी दुसऱ्यावरून लक्षात येतं. आणि ‘उद्या’ हा शब्द तर बंदच करून टाका. ‘उद्या सुट्टी आहे’ हा मेसेज कोणीतरी दुसऱ्या दिवशी सकाळी फॉरवर्ड करतं, मग अर्धा वर्ग भलत्याच दिवशी घरी.

एका मेसेजमध्ये एकच काम मागा. फॉर्म, फी, फोटो आणि सभेची वेळ एकत्र टाकली की पालक त्यातलं सोपं असेल ते करतात आणि उरलेलं राहतं ते राहतंच.

पाठवलं पण पोचलंच नाही

इथे जरा थांबूया, कारण ‘पालक लक्षच देत नाहीत’ असं म्हणून जे मोकळं होतात त्यातल्या निम्म्या केसेसमध्ये गडबड तांत्रिकच निघेल असं माझं मत आहे.

व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी) वापरत असाल तर तो मेसेज फक्त त्यांनाच जातो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय. नवीन ॲडमिशनवाल्या पालकांनी तो अजून केलेलाच नसतो, आणि सगळ्यात जास्त गरज त्यांनाच असते. एका लिस्टमध्ये 256 च जण बसतात हेही लक्षात असू द्या. म्हणून पहिल्या पालकसभेत सगळ्यांना तिथल्या तिथे नंबर सेव्ह करायला लावा, दोन मिनिटांचं काम आहे. ग्रुप असेल तर ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील’ ही सेटिंग चालू करा, नाहीतर सुट्टीची सूचना ‘धन्यवाद सर’ आणि हात जोडलेल्या चिन्हांखाली गाडली जाते. मधेच जॉइन झालेल्या पालकाला जुने मेसेज दिसतीलच असं धरू नका, महत्त्वाचं त्याला वेगळं पाठवा. चालू आठवड्याचा मेसेज पिन करून ठेवता येतो, 24 तास, 7 दिवस किंवा 30 दिवस. आणि ग्रुपमधल्या आपल्या मेसेजवर दाबून ‘इन्फो’ बघितलं की कोणी वाचला आणि कोणाला नुसता पोचला हे दिसतं. रीड रिसीट (वाचल्याची निळी खूण) बंद ठेवलेल्यांचंही ग्रुपमध्ये दिसतं, त्यामुळे तीन दिवसांनी ती यादी बघून उरलेल्या चार-पाच घरांना सरळ फोन लावायचा.

एसएमएस पाठवणाऱ्यांची वेगळीच अडचण. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये 160 कॅरेक्टर बसतात, देवनागरीत फक्त 70. त्यातही काना, मात्रा, अनुस्वार प्रत्येक वेगळा मोजला जातो. लांब झाला की मेसेजचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्याचे पैसे वेगळे लागतात आणि कधी कधी मधला तुकडा उशिरा येतो किंवा येतच नाही. म्हणजे आदरार्थी प्रस्तावनेतच पहिला एसएमएस संपतो.

ईमेलला 25 एमबीपेक्षा मोठी फाइल जोडली की जीमेल ती आपोआप ड्राइव्हची लिंक करून टाकतं, आणि ती लिंक सगळ्यांना उघडायची परवानगी दिलेली नसली की पालकाला दिसतं ‘ॲक्सेस मागा’. पालक मागतात, ऑफिसमधलं कोणी तो मेल बघत नाही, विषय संपला. कुठलीही लिंक पाठवण्याआधी ती शाळेच्या अकाउंटमधून लॉगआउट केलेल्या फोनवर उघडून बघा, एवढी एक सवय लावली तर बरीच डोकेदुखी वाचेल. गूगल फॉर्मचंही तेच, शाळेच्या अकाउंटपुरता मर्यादित राहिलेला फॉर्म पालकांना उघडतच नाही.

आणि जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नोटीस कॉपी करून मेसेजमध्ये चिकटवली की पलीकडे इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठी मराठीच दिसतं. नोटीस बोर्डाचा तिरका, अंधारातला फोटो पाठवणं हा उपाय नाहीये, तो झूम करून वाचता येत नाही आणि नंतर शोधला तर सापडतही नाही.

‘मिसिंग’ दिसलं की घरात आरडाओरडा

गूगल क्लासरूममध्ये, म्हणजे शिक्षक जिथे ऑनलाइन गृहपाठ देतात तिथे, पालकांना रोजचा किंवा आठवड्याचा सारांश ईमेलने जाऊ शकतो, चांगली सोय आहे, पण ती आपोआप होत नाही. पालकाला आमंत्रण जातं, ते 120 दिवसांत स्वीकारलं नाही तर बाद होतं, आणि शिक्षकाने आपल्या वर्गासाठी सारांश चालूच केला नसेल तर त्या विषयाचं काही येतच नाही. पालक म्हणतात गणिताचं येतं, विज्ञानाचं येत नाही, त्याचं कारण बहुधा हेच असतं.

याहून मोठी भानगड पुढेच आहे. शिक्षकांनी क्लासरूममध्ये तारीख टाकली, पण काम मुलांनी वहीत करून प्रत्यक्ष दिलं. सिस्टिमला वही कुठून दिसणार, तारीख उलटली की तिथे ‘मिसिंग’, म्हणजे काम दिलेलं नाही, असं लागतं. संध्याकाळी आईच्या मेलमध्ये ‘अपूर्ण काम’ आणि मूल शपथेवर सांगतंय की दिलं होतं. मूल खरं बोलत असतं आणि ओरडा खातं, आणि मग पुढच्या वेळी खरंच दिलेलं नसतं तेव्हाही तेच उत्तर देतं. तेव्हा वहीतल्या कामाला क्लासरूममध्ये तारीख लावूच नका, लावलीत तर तपासून स्वतः बदला. आणि पालकांना पहिल्याच महिन्यात स्पष्ट सांगा की हा शब्द दिसला तर आधी मुलाला शांतपणे विचारा, दोन दिवस थांबा, तरीही तसंच दिसलं तर आम्हाला लिहा.

तेरा वर्षांखालची मुलं ग्रुपमध्ये

व्हॉट्सॲप वापरायचं किमान वय 13 आहे. सहावीतलं मूल अकराचं. तरीही ‘गृहपाठ ग्रुपवर टाकलाय’ असं वर्गात सांगितलं जातं, मग मूल आईचा फोन मागतं किंवा खोटं वय टाकून अकाउंट उघडतं. शाळेनेच हे करायला लावणं बरोबर नाही, सरळ बोलतो. ग्रुप पालकांचा असेल तर पालकांचाच ठेवा.

ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात हेही लोक विसरतात. व्हॉट्सॲप कम्युनिटीच्या (अनेक ग्रुप एकत्र जोडायची सोय) घोषणा ग्रुपमध्ये सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, मोठ्या शाळेला तो मार्ग बरा. आणि फी बाकी असलेल्यांची यादी, कमी मार्कांची यादी, ‘यांचे फॉर्म आलेले नाहीत’ म्हणून नावांचा फोटो, हे ग्रुपवर टाकायचं नाही म्हणजे नाही. आठवीतल्या मुलाला ते दुसऱ्या दिवशी वर्गात ऐकावं लागतं.

नुसत्या तारखा, आणि फोन आला की तक्रार

वर्षाच्या सुरुवातीला जे काही जातं ते सगळं वेळापत्रक, फी, गणवेश यातलंच असतं. आठवीत आलेल्या मुलाला अभ्यास कसा करायला शिकवणार, कुठला विषय या वर्षी अचानक अवघड होतो, घरच्यांनी किती मदत करावी आणि कुठे हात काढून घ्यावा, यातलं काही नाही. नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी 2009 मध्ये मिडल स्कूलवरचे (साधारण आपली सहावी ते आठवी) 50 अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर मुलाशी शिक्षणाचं महत्त्व, अपेक्षा, पुढचे बेत याबद्दल घरात होणारं बोलणं यशाशी सगळ्यात जास्त जोडलेलं दिसलं, गृहपाठाला मदत करण्याचं तसं काही ठाम दिसलं नाही. मग पालकांना हेच सांगा ना. ‘या महिन्यात अपूर्णांकांवरून बीजगणिताकडे जातोय, घरी उत्तर सांगू नका, पायरी कुठे अडली ते विचारा’, एवढं एक वाक्य गणवेशाच्या चार सूचनांपेक्षा कामाचं आहे.

शाळेचा नंबर स्क्रीनवर दिसला की पालकांच्या पोटात गोळा येतो, कारण शाळा तक्रारीशिवाय फोनच करत नाही. पहिल्या तीन आठवड्यांत प्रत्येक घराशी एकदा तरी साधं बोलणं व्हायला हवं, दोन मिनिटं, मूल रुळतंय का एवढंच. वर्गात पन्नास मुलं असतील तर एकट्या क्लास टीचरला हे झेपणार नाही, विषय शिक्षकांत वाटून घ्या. पण नुसतं गोड बोलूनही भागत नाही. मॅथ्यू क्राफ्ट आणि टॉड रॉजर्स यांच्या 2015 मध्ये छापून आलेल्या अमेरिकेतल्या प्रयोगात हायस्कूलच्या मुलांच्या पालकांना आठवड्याला एका वाक्याचा वैयक्तिक मेसेज जायचा, आणि कोर्सचं क्रेडिट न मिळालेल्यांचं, म्हणजे तो पूर्ण न झालेल्यांचं, प्रमाण 15.8 ऐवजी 9.3 टक्के दिसलं. त्यातही ‘काय सुधारता येईल’ सांगणाऱ्या मेसेजचा परिणाम नुसत्या कौतुकापेक्षा जास्त होता. मुलं थोडी मोठी होती हे खरं, पण एक नेमकं वाक्य लिहायला कुठल्याही इयत्तेत काही अडचण नसावी.

उरलेलं पटकन. आई-वडील वेगळे राहत असतील तर दोघांचे नंबर घ्या, एकाने दुसऱ्याला सांगावं ही अपेक्षा मुलाच्या डोक्यावर येऊन बसते. घरची भाषा वेगळी असेल तर मुलाला दुभाषा करू नका, विशेषतः बोलणं त्याच्याच वागण्याबद्दल असेल तेव्हा, कारण तो काय गाळेल हे सांगायला नको. मागच्या वर्षीची नंबरांची यादी तशीच वापरू नका, जुन्या सिमवर गेलेले मेसेज कोणीच वाचत नाही. पालकांनी उत्तर कुठे द्यायचं आणि शाळा किती दिवसांत बोलेल हे लिहून द्या, ‘दोन कामाच्या दिवसांत’ चालेल, पण मग ते पाळा. आणि प्रत्येक ग्रुपला दोन ॲडमिन ठेवा, क्लास टीचर रजेवर गेल्या की नेमका त्याच आठवड्यात टाइमटेबल बदलतो.