बर्फावरची डर्ट बाइक: आधी ऊब, मग ताकद

पुण्या-नाशकाच्या मातीत डर्ट बाइक हाताळलेला माणूस शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी आयडाहो, मोंटाना किंवा ब्रिटिश कोलंबियात पोचला, की पहिल्याच हिवाळ्यात त्याला स्नो बाइक दिसते. बाइक ओळखीचीच असते, 450 सीसीची. फक्त पुढच्या चाकाच्या जागी रुंद स्की आणि मागच्या चाकाच्या जागी दातेरी रबरी पट्टा. आयडाहोतल्या सँडपॉइंटची टिंबरस्लेड हे स्की आणि पट्टा मिळून होणाऱ्या या किटमधलं सगळ्यात परिचित नाव. पोलारिसनं 2015 मध्ये ती कंपनी घेतली आणि 2017 मध्ये ॲस्पेनच्या एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेत स्नो बाइकची शर्यत सुरू झाली. तिकडच्या गॅरेजांना ऑक्टोबर-नोव्हेंबरात किट चढवण्याचं आणि वसंतात उतरवण्याचं काम असतं, त्यामुळे हे कौशल्य शिकून घेण्यासारखं आहे.

शिकताना एक सवय मात्र मोडावी लागते. आपल्याकडे इंजिनाची सगळी काळजी म्हणजे ते गार ठेवणं. बर्फात तेच इंजिन ऊबदार ठेवणं हे मुख्य काम. नवखा माणूस एक्झॉस्ट आणि मॅपवर (किती पेट्रोल टाकायचं हे ठरवणाऱ्या संगणकातल्या सेटिंगवर) पैसे घालतो, पण बर्फात बाइक बंद पडते ती बहुतेक वेळा थंडीमुळे आणि वाफ गोठल्यामुळे. म्हणून या लेखाचा मोठा भाग त्यावरच आहे.

बाइक कोणती?

450 चा फोर स्ट्रोक, इंजेक्शनवाला, इलेक्ट्रिक स्टार्टवाला. 250 चा फोर स्ट्रोक भुसभुशीत खोल बर्फात दमतो, कारण पट्टा सतत ताकद खातो आणि मोकळं पळणं असं जवळजवळ नसतंच. कमरेएवढ्या बर्फात किक मारायला पायाखाली आधार नसतो, म्हणून इलेक्ट्रिक स्टार्ट ही चैन नाही. मोटोक्रॉस मॉडेल हलकं असतं, पण त्याची टाकी लहान आणि वीज कमी. एंड्युरो मॉडेलमध्ये दोन्ही बरं असतं. हँडलचे हीटर लावायचे असतील तर आमचा कौल एंड्युरोला.

किट चढवताना

पुढचं चाक, मागचं चाक, स्विंगआर्म, मागचा शॉकअप आणि मागचा कॅलिपर काढायचा. स्विंगआर्मच्या मुख्य बोल्टच्या जागी किटचा सांगाडा बसतो आणि शॉकअपच्या वरच्या माउंटला किटचा स्ट्रट. प्रत्येक मॉडेलसाठी बुश आणि स्पेसरचा वेगळा संच मिळतो. तो चुकीचा आला तर बोल्ट आत जातो, पण सांगाडा एक-दोन मिलिमीटर तिरका बसतो आणि चेन एका कडेनं झिजायला लागते. म्हणून बोल्ट पूर्ण आवळण्याआधी दोन्ही स्प्रॉकेटवर सरळ पट्टी ठेवून रेषा तपासा. मग टॉर्क रेंचनं, मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार आवळा. तासाभराच्या पहिल्या फेरीनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे, कारण नवे बुश बसतात आणि बोल्ट सैल होतात.

पट्ट्याची लांबी साधारण 120 ते 137 इंच असते. आखूड पट्टा चपळ वळतो, लांब पट्टा खोल बर्फात तरंगतो आणि चढावर पकडतो. शिकणाऱ्यानं मधली लांबी घ्यावी. पट्ट्याचा ताण हा नवख्यांचा नेहमीचा गोंधळ आहे. ताण जास्त झाला तर ताकद वाया जाते आणि पट्टा ज्यावर घसरतो त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या तापतात. कमी झाला तर जोर दिल्यावर ड्राइव्हचे दात पट्ट्यावरून उडी मारतात आणि खटखट आवाज येतो. बाइकचा मागचा भाग उचला, खालच्या बाजूला मधोमध मॅन्युअलनं सांगितलेलं वजन टांगा आणि प्लॅस्टिक पट्टी ते रबरी पट्टा हे अंतर मोजा. नंतर पहिल्या गिअरमध्ये पट्टा हळू फिरवून दोन्ही कडांना सारखी जागा सुटते का ते पाहा. पट्टा ज्या बाजूला सरकलाय त्या बाजूचा ॲडजस्टर पाव फेरा आवळायचा, पुन्हा फिरवायचा, पुन्हा पाहायचं. फिरत्या पट्ट्याच्या मागे कोणी उभं राहायचं नाही, आणि हात तर लांबच.

याच प्लॅस्टिक पट्ट्या बर्फाच्या ओलाव्यानं गार आणि गुळगुळीत राहतात. कडक, काचेसारख्या रस्त्यावर तो ओलावा मिळत नाही आणि त्या वितळतात. पार्किंगपासून डोंगरापर्यंतचा रस्ता असा असेल तर बर्फ खरवडून वर उडवणारे स्क्रॅचर लावा, आणि अधूनमधून कडेच्या मऊ बर्फातून जा.

किटचा ब्रेक बहुतेक ठिकाणी मागच्या पेडलच्या मास्टर सिलिंडरला जोडतात. त्यातली हवा नीट काढली नाही तर पेडल स्पंजासारखं दबतं. पुढच्या फोर्कला कडक स्प्रिंग लागते, कारण स्की चाकापेक्षा वेगळा भार टाकते. उलट डँपिंगचे क्लिकर (फोर्कची हालचाल किती आवरायची ते ठरवणारे स्क्रू) मात्र दोन-तीन टप्पे सैल ठेवायचे, कारण थंडीत फोर्कचं तेल घट्ट होऊन ते काम आपोआप करतं.

इंजिनाची ऊब

आता मुद्द्याचं. मोटोक्रॉस बाइकला बहुधा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप, नसतोच, कारण ती तापण्यासाठीच ओळखली जाते. उणे 15 अंशांत तोच रेडिएटर कूलंटला 40 अंशांवर आणून ठेवतो. मग इंजेक्शनच्या संगणकाला वाटतं, इंजिन अजून गरम होतंय, आणि तो जास्तीचं पेट्रोल टाकत राहतो. ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं, रिंगांवरून खाली जातं आणि ऑइलमध्ये मिसळतं. खूण सोपी आहे: ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते आणि वास पेट्रोलचा येतो. असं ऑइल लगेच बदला. त्यावर अजून एक फेरी मारू नका.

उपाय म्हणजे थर्मोस्टॅट किट, आणि तेही बायपासवालं. नुसतं पाइपात बसवलेलं थर्मोस्टॅट बंद असतं तेव्हा इंजिनातलं कूलंट जागच्या जागी थांबतं. ते उघडताच रेडिएटरमधलं बर्फगार कूलंट एकदम आत येतं, सिलिंडर आकसतो, पिस्टन मात्र गरमच असतो, आणि पिस्टनच्या बाजूंना ओरखडे पडतात. बायपासमुळे बंद अवस्थेतही कूलंट इंजिन ते पंप असं आत फिरत राहतं आणि रेडिएटरचं पाणी थोडं थोडं मिसळतं. साधारण 70 अंशांना उघडणारं थर्मोस्टॅट पुरतं. चालत्या बाइकचं तापमान 75 ते 90 अंशांत स्थिर राहिलं पाहिजे. त्यासाठी डिजिटल तापमापक हवाच, आणि तो सिलिंडर हेडच्या बाजूला लावा. रेडिएटरच्या पाइपावर लावलेला मापक थर्मोस्टॅट बंद असताना खोटं सांगतो. आकडा 45 वरून 85 वर आणि परत 45 वर झोके घेत असेल, तर बायपास उलटा जोडलाय किंवा आत हवा अडकलीय. पुढचा भाग उंच करून कूलंट भरल्यास हवा निघून जाते.

कूलंट कोणतं, हे आपल्याकडच्या सवयीमुळे मुद्दाम सांगतो. नुसतं पाणी चालत नाही. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं आणि रेडिएटर किंवा सिलिंडर फोडतं. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं घेतलं, तर उणे 37 अंशांपर्यंत निभावतं.

रेडिएटरवर झाकण लावताना पूर्ण बंद करू नका. थर्मोस्टॅट असेल तर डाव्या किंवा उजव्या एकाच रेडिएटरवर झाकण पुरतं. वसंतातल्या ओल्या, जड बर्फात इंजिन खरोखर तापतं, तेव्हा झाकण लगेच काढता आलं पाहिजे.

ऑइल 10-डब्ल्यू-50 ऐवजी 0-डब्ल्यू-40 किंवा 5-डब्ल्यू-40, आणि ओल्या क्लचसाठी चालणारं, म्हणजे डब्यावर जासो एमए2 लिहिलेलं. थंडीत घट्ट ऑइल स्टार्टरला ओढतं आणि वरच्या कॅमपर्यंत उशिरा पोचतं. सुरू केल्यावर कूलंट किमान 50 अंशांवर येईपर्यंत जोर द्यायचा नाही.

वाफ आणि बर्फाचे अडथळे

क्रँककेसचा ब्रीदर पाइप, म्हणजे इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणारी नळी, खाली लोंबत असतो. त्यातली ओली वाफ टोकाशी गोठते आणि पाइप बंद होतो. आत दाब वाढतो, तो सगळ्यात कमकुवत सील शोधतो आणि ऑइल बाहेर फेकतो. पाइपावर, इंजिनाच्या ऊबेजवळ आणि टाकीच्या खाली, दोन-तीन छोट्या चिरा पाडा. टोक गोठलं तरी वरून श्वास चालू राहतो. टाकीच्या झाकणाचा पाइपही असाच गोठतो. मग टाकीत निर्वात तयार होतो आणि बाइक पेट्रोल संपल्यासारखी खोकते. झाकण उघडताच सुस्कारा ऐकू आला आणि बाइक पुन्हा चालू लागली, तर दोष हाच. हा पाइप सीटखाली, सुक्या जागी न्या.

एअर फिल्टरला मातीत तेल लावतो, कारण धूळ अडवायची असते. बर्फात धूळ नसते, पण तेलकट फोमला बर्फाचा भुगा चिकटतो, वितळतो आणि गोठून थर होतो. म्हणून बरेच जाणकार कोरडा फोम आणि त्यावर पाणी न धरणारं कापडी आवरण वापरतात. 2010 पासूनच्या यामाहा वायझेड 450 एफमध्ये हवा पुढून, टाकीच्या भागातून आत जाते, त्यामुळे स्कीनं उडवलेला भुगा थेट तिकडे जातो. तिथे आवरण दुप्पट काळजीनं बसवा. वसंतात रस्त्यावर चिखल आला, की तेल लावलेला फिल्टर परत घाला.

थ्रॉटलच्या केबलमध्ये गेलेलं पाणी गोठलं, तर थ्रॉटल उघडाच अडकू शकतो. केबल पूर्ण सुकवून सिलिकॉन स्प्रे मारा, आणि इंजिन बंद करणारा, मनगटाला बांधायचा किल स्विच लावल्याशिवाय एक फूटही जाऊ नका.

मिश्रणाचा हिशेब

जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं छिद्र. "थंडी आहे, जेट मोठा घाल" हा सल्ला सगळे देतात, पण तो अर्धाच खरा आहे, कारण थंडी हवा दाट करते आणि उंची ती विरळ करते. मे महिन्यात पुण्यात, 560 मीटरवर, 35 अंशांना घनमीटरभर हवेचं वजन सुमारे 1.07 किलो. हजार मीटरच्या दरीत उणे 20 अंशांना ते 1.24 होतं, म्हणजे 15 टक्क्यांहून अधिक दाट. पण 2,500 मीटरच्या माथ्यावर उणे 10 अंशांना ते 0.99 वर येतं, म्हणजे पुण्याच्या उन्हाळ्यापेक्षाही विरळ!

कार्ब्युरेटरमध्ये जेटच्या छिद्राचं क्षेत्रफळ घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलावं लागतं. केहिन या कंपनीच्या कार्ब्युरेटरच्या मेन जेटवरचा आकडा म्हणजे साधारण छिद्राचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. पुण्यात 170 बरोबर बसत असेल, तर त्या दरीत 176 च्या आसपास आणि माथ्यावर 167 च्या आसपास येतो. माथ्याचा जेट घालून दरीत पूर्ण थ्रॉटलवर पळवलं तर मिश्रण लीन होऊन (पेट्रोल कमी पडून) पिस्टन जळतो. दरीचा जेट घालून माथ्यावर गेलं तर बाइक फक्त जड चालते. म्हणून कार्ब्युरेटरवाल्यांनी दरीचा जेट धरावा.

इंजेक्शनमध्ये हवेचा दाब आणि तापमान मोजणारे सेन्सर हे गणित स्वतः करतात. एक्झॉस्ट आणि एअरबॉक्स मूळचे असतील तर पहिल्या हंगामात मॅपला हात लावू नका. ऊबेचा प्रश्न न सोडवता मॅप बदलला, तर थंड इंजिनासाठी बनवलेला मॅप गरम इंजिनावर चुकतो, आणि दोष कुठे हेच कळेनासं होतं.

वीज आणि सुरक्षा

लिथियम बॅटरी थंडीत पहिल्या झटक्याला मेल्यासारखी वागते. मिनिटभर दिवा लावून ठेवला, की ती आतून गरम होते आणि स्टार्टर फिरतो. आदल्या रात्री घरात आणणं जास्त चांगलं. हँडलचे हीटर लावल्यावर, इंजिन मधल्या आरपीएमला फिरत असताना व्होल्टमीटर 13 च्या वर राहतो का ते पाहा. राहत नसेल तर मोठा स्टेटर (इंजिनावर वीज बनवणारा भाग) हवा.

डोंगरात हिमस्खलनाचा धोका बाइकच्या कुठल्याही बिघाडापेक्षा मोठा. ट्रान्सिव्हर (गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) हे तिन्ही अंगावर, बाइकवर नाही. शिवाय शिकलेला साथीदार. अमेरिकेत एआयएआरई 1 आणि कॅनडात एएसटी 1 हे हिमस्खलनापासून बचावाचे प्राथमिक वर्ग आहेत. पहिला एक्झॉस्ट घेण्याआधी तो वर्ग करा. फोन आणि विजेवर गरम होणारे कपडे ट्रान्सिव्हरच्या लहरींत अडथळा आणतात: अंगावर असताना किमान 20 सेंटिमीटर, शोध घेताना 50 सेंटिमीटर अंतर ठेवा.

परतल्यावर

पट्टा, ब्रेक डिस्क आणि पेडलच्या फटीतला बर्फ झाडा. मागचा भाग स्टँडवर उचलून पट्टा थोडा फिरवा, म्हणजे पाणी उडून जातं आणि सकाळी तो जमिनीला चिकटलेला सापडत नाही. चेन सुकवून तेल लावा. इंजिनाचे तास मोजणारा अवर मीटर बसवून ऑइल दर 8 ते 10 तासांनी बदला, कारण छोट्या फेऱ्यांत वाफ आत साचून ऑइल दुधाळ होतं. व्हॉल्व्हचा गॅप आणि पिस्टन यांची तपासणी कंपनीच्या वेळापत्रकाच्या निम्म्या तासांवर ठेवा. बर्फात इंजिन सतत ओढत असतं, आणि कंपनीनं तो आकडा मातीतल्या वापरासाठी लिहिलेला असतो.