ड्रॅक्युला पहिल्यांदा वाचताय? मग असा वाचा

सिनेमे बघून डोक्यात जे बसलंय ना, काळा झगा, उन्हात जळून राख वगैरे, ते आधी बाजूला ठेवा. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीतला काउंट ड्रॅक्युला सुरुवातीला पांढऱ्या मिशांचा म्हातारा आहे आणि तो दिवसाही फिरतो, फक्त तेव्हा त्याची सगळी ताकद चालत नाही. उन्हाने मरायची भानगड १९२२ च्या जर्मन मूकपटामुळे आली.

पहिली चार प्रकरणं एका बैठकीत, शक्यतो रात्री वाचा. ही जोनाथन हार्करची डायरी, काउंटच्या किल्ल्यावर कामासाठी निघालेला हा तरुण इंग्रज वकील. बिचारा वाटेत पॅप्रिका घातलेली कोंबडी खातो आणि मीनासाठी, म्हणजे त्याच्या होणाऱ्या बायकोसाठी, रेसिपी घ्यायची म्हणून टिपून ठेवतो, इतका साधा माणूस. मग एका सकाळी तो दाढी करत असताना खांद्यावर हात पडतो, गुड मॉर्निंग ऐकू येतं आणि आरशात मागे कोणीच नाही! काउंट आरसा खिडकीबाहेर फेकून देतो आणि हा लिहितो की आता दाढी कशी करायची. मला तिथे जी भीती वाटली ती रक्ताच्या सीनलाही नाही वाटली.

पाचव्या प्रकरणापासून पेन्सिल घेऊन बसा, कारण पुढे सगळी पत्रं, डायऱ्या, तारा, पेपरची कात्रणं आहेत आणि तारखा मागेपुढे होतात. डेमेटर जहाजाची नोंदवही सातव्या प्रकरणात येते पण ती ६ जुलैपासूनची आहे, काळ्या समुद्रावरच्या वार्ना बंदराहून निघालेलं जहाज, मातीच्या पेट्या, आणि एकेक खलाशी गायब. त्याच दिवसांत व्हिटबीत, इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या गावात, मीना आणि तिची मैत्रीण लूसी काय करतायत ते शेजारी लिहून ठेवा, मग कळतं काउंट किती जवळ येतोय, त्यांना काहीच माहीत नसताना.

व्हिटबीच्या म्हाताऱ्या स्वेल्सची बोली झेपत नसेल तर खुशाल पुढे जा. पण लूसीला रक्त देतात तो भाग घाईत वाचू नका. चार वेगवेगळ्या पुरुषांचं रक्त देतात, काही न जुळवता, कारण रक्तगट सापडले १९०१ च्या सुमारास, पुस्तकानंतर.

आणि मीनावर नीट लक्ष ठेवा. सगळे काउंटच्या मागे लागलेल्या डॉक्टर व्हॅन हेल्सिंगचं कौतुक करतात, पण हे सगळे कागद टाइप करून तारखेप्रमाणे लावते ती मीना, म्हणूनच बाकीच्यांना काउंटचा माग लागतो. पुढे काउंट येऊन कागद जाळतो तेव्हा तिजोरीत ठेवलेली एक कॉपी तेवढी शाबूत राहते. पुस्तक संपलं की हार्करचं सात वर्षांनंतरचं छोटं टिपण सोडू नका, त्यात तो म्हणतो की पुरावा म्हणावा असा अस्सल कागद जवळजवळ उरलाच नाही, आहेत ते नुसते टाइप केलेले गठ्ठे.