जांभळी नाक्यावर उभं राहून चित्राचा विषय कसा मिळवायचा

कॅनव्हास समोर आहे, रंग आहेत, पण काय काढायचं तेच सुचत नाही असं ज्यांचं होतं त्यांच्यासाठी लिहितेय. मी कळव्याला राहते, ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल पकडून घणसोलीला नोकरीला जाते आणि चित्रं काढते रात्री नाहीतर रविवारी, त्यामुळे विषय शोधायला कुठे लांब जाणं मला कधी जमलंच नाही आणि आता वाटतं ते बरंच झालं.

आधी एक जागा ठरवा. एकच. रोज पाय पडतात अशी. माझी जांभळी नाका, ठाण्यातला बाजार, स्टेशनपासून चालत जाण्यासारखा. तलावपाळी जवळच आहे आणि मला फार आवडते, पण तिथे बसलं की हात आपोआप पोस्टकार्ड काढायला लागतो, पाणी, होडी, झाडं, संपलं. बाजारात कोणी तुमच्यासाठी पोज देऊन थांबत नाही म्हणून तिथे बघावंच लागतं.

वही खिशात मावेल एवढी आणि साधं बॉलपेन. पेन्सिल नको, खोडत बसतो आपण. एका माणसाला दोन मिनिटं द्या, चेहऱ्याच्या मागे लागू नका, आधी वजन कुठे आहे ते शोधा, कुठल्या पायावर भार आहे, पिशवी कुठला खांदा खाली ओढतेय. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर टेकलेला माणूस बघा, अर्धा बसलेला, एक पाय बाहेर रोवलेला, सगळं अंग त्या एका पायावर सांभाळतो. ते जमलं की चेहरा न काढताही थकवा दिसतो. कोणी विचारलं काय काढताय तर सरळ वही दाखवा, नको म्हणाले तर पान उलटा आणि विषय सोडा.

सुधीर पटवर्धनांची चित्रं जरूर बघा. ते आर्ट स्कूलमध्ये शिकलेले नाहीत, 1975 ते 2005 ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत होते आणि त्या काळात ‘ट्रेन’, ‘पोखरण’ अशी चित्रं करत होते, पोखरण म्हणजे राजस्थानातलं नाही, आपल्या ठाण्यातलंच. 2019 मध्ये मुंबईच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये (एनजीएमए) त्यांचं मोठं रेट्रोस्पेक्टिव्ह, म्हणजे आजवरच्या कामाचं प्रदर्शन, सुरू झालं होतं. दिवसभर माणसांचे एक्सरे बघणाऱ्याला शरीर कसं भार उचलतं ते कळणारच, असं मला त्यांची माणसं बघताना सारखं वाटतं.

आता रंग. यात मी सगळ्यात जास्त चुकले म्हणून जरा सविस्तर. पावसाळ्यात भाजीवाले निळी ताडपत्री बांधतात आणि तिच्याखाली सगळंच निळं होतं, माणसं, भाजी, खालची ओली फरशी. मी मोबाइलवर फोटो काढले, घरी येऊन बघितले तर निळं गायब, कारण कॅमेरा आपोआप व्हाइट बॅलन्स करतो, म्हणजे उजेडाचा रंग काढून टाकायला बघतो, आणि त्याला जो दोष वाटतो तेच आपलं चित्र असतं. तेव्हापासून फोटो फक्त आकारासाठी, रंग तिथेच उभं राहून शब्दात लिहायचे. माझ्या वहीत लिहिलंय, टोमॅटो लाल नाही, वांग्याच्या जवळ गेलाय, फ्लॉवर दुधी निळा, मावशींच्या गालाला जांभळट छटा, आणि संध्याकाळी वर पिवळा बल्ब लागला की फक्त नाक आणि हाताची बोटं गरम दिसतात. निळ्या उजेडात लाल काळपट पडतोच, पण डोक्यात ‘टोमॅटो म्हणजे लाल’ इतकं पक्कं बसलेलं असतं की हात ट्यूबमधला लालच उचलतो.

ट्यूबा कमीच घ्या. अल्ट्रामरीन (निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा), पांढरा. पहिल्या दोघांच्या मिश्रणातून पावसाचे सगळे राखाडी निघतात, थंड राखाडी पाहिजे तर निळा जास्त, ऊबदार पाहिजे तर सिएना. काळ्याची गरज पडत नाही.

कॅनव्हासवर जायच्या आधी काडेपेटीएवढी आठ-दहा स्केचेस करा, नुसते गडद आणि उजळ भाग. एवढ्या छोट्यात वाचता आलं नाही तर मोठ्यात पण येत नाही.

आणि सही करायच्या आधी चित्राचा फोटो त्या जागेवर नेऊन दाखवा. मी मेथी निवडणाऱ्या मावशींना दाखवला, त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, ‘ताई, मी डाव्या हातानं खुडते, तुम्ही उलटं केलंय.’ वहीत बरोबर होतं, पण कॅनव्हासवर डावी बाजू रिकामी वाटत होती म्हणून मी त्यांना आरशासारखं फिरवून बसवलं होतं. घरी येऊन हात बदलले, हात बदलले तर खांदा बदलला, खांद्याबरोबर मान, आणि डावी बाजू परत रिकामी झाली. तिथे आता नुसती ओली फरशी आहे, निळी.